सीटीचा अनुभव आहे, मग पदव्युत्तर कोर्स कशासाठी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख काढून:

रेडिओग्राफर म्हणून सहा वर्षं झाली, त्यातली शेवटची तीन सीटी स्कॅनवर. निम्म्या पाळ्या रात्रीच्या. अपघात, स्ट्रोक, पोटदुखी, पल्मनरी अँजिओ (फुप्फुसाच्या धमन्यांचा स्कॅन), सगळं एकट्याने करता येतं. विभागातली सीटी प्रमुखाची जागा वर्षभरात रिकामी होणार आहे. वरिष्ठ म्हणतात, सीटीचं पदव्युत्तर सर्टिफिकेट करा, अर्धी फी विभाग देईल. पण प्रोटोकॉल यंत्रात भरलेलेच असतात आणि डोस यंत्र स्वतः ठरवतं, मग नवीन काय शिकायचं? सहकाऱ्यांचं म्हणणं, कंपनीचं ॲप्लिकेशन ट्रेनिंग पुरेसं आहे आणि एआय आल्यावर तेही लागणार नाही. फिजिक्सची पहिल्यापासून धास्ती आहे. एवढे पैसे घालायचेच तर एमआरआयकडे का वळू नये, असंही मनात येतं. काय करावं?

उत्तर:

तुमचा प्रश्न एक दिसतो, पण त्यात तीन प्रश्न गुंतलेत. शिकायची गरज आहे का, शिकल्यावर ती जागा मिळेल का, आणि रात्रपाळ्या सांभाळून हे झेपेल का. पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण उरलेले दोन त्याच्यावर अवलंबून आहेत.

"डोस यंत्र स्वतः ठरवतं" हे तुमचं वाक्य घेऊ. यंत्र ठरवतं हे खरं, पण कशावरून? तुम्ही काढलेल्या स्काउटवरून, म्हणजे स्कॅनच्या आधीच्या साध्या चित्रावरून. स्काउटमध्ये रुग्ण जेवढा रुंद आणि दाट दिसतो, त्या हिशोबाने ट्यूबचा करंट कमी-जास्त होतो. आता समजा टेबल तीन सेंटीमीटर खाली राहिलं. स्काउटच्या वेळी ट्यूब रुग्णाच्या खाली असेल तर रुग्ण ट्यूबच्या जवळ आला, सावली मोठी पडली, यंत्राला तो प्रत्यक्षापेक्षा जाड वाटला आणि त्याने करंट वाढवला. ट्यूब वर असेल तर उलट होतं: रुग्ण बारीक वाटतो, करंट घटतो आणि चित्र दाणेदार येतं. त्यातच ट्यूबसमोरच्या बो-टाय फिल्टरचं (मध्ये पातळ, कडेला जाड) गणित रुग्ण आयसोसेंटरला, म्हणजे यंत्राच्या वर्तुळाच्या मध्यावर आहे असं धरून मांडलेलं असतं. रुग्ण सरकला की शरीराचा जाड भाग फिल्टरच्या चुकीच्या भागासमोर येतो, म्हणजे एका बाजूला नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) वाढतो आणि दुसऱ्या बाजूच्या त्वचेला जादा डोस बसतो. पडद्यावर यातलं काहीही लाल रंगात दिसत नाही. स्कॅन "झाला", रिपोर्टही होतो.

तुमच्या विभागात समोरचा स्काउट काढताना ट्यूब वर ठेवतात की खाली, आणि का, हे तुम्ही न बघता सांगू शकाल? बाजूचा स्काउट आधी काढून उंची दुरुस्त करायची पद्धत आहे का? हात खाली ठेवूनच छाती-पोट करावं लागलं तर करंट किती वाढतो, हे कधी डोस रिपोर्टमध्ये पाहिलंय का? आणखी दोन प्रश्न. पोटाच्या नेहमीच्या स्कॅनचा तुमच्याकडचा मध्यक डीएलपी (डोसचा आकडा गुणिले स्कॅनची लांबी) किती आहे? तुमच्या रिकन्स्ट्रक्शनमध्ये (मोजमापांतून चित्र बनवताना) पाच मिलीमीटरची स्लाइस सव्वा मिलीमीटरवर आणली तर नॉइजचं काय होतं?

या पाचांपैकी चारांची उत्तरं कारणांसकट देता आली तर सर्टिफिकेटमधला बराच भाग तुमच्यासाठी उजळणी ठरेल आणि थेट पुढच्या टप्प्याचा विचार करायला हरकत नाही. दोनांवर अडखळलात तर गरज आहे. यात कमीपणा काही नाही. पाळीत प्रोटोकॉल निवडून वेळेत, सुरक्षित स्कॅन काढणं हे काम तुम्ही उत्तम करत असाल. पण तो प्रोटोकॉल तसा का आहे आणि तो बदलल्यावर काय बिघडेल, हे सांगता येणं वेगळं. चांगला कोर्स नेमका याच दुसऱ्या गोष्टीसाठी असतो.

आता त्यात प्रत्यक्ष काय असतं ते बघू. नावं जागोजागी बदलतात, पण गाभा सारखाच: सीटीचं फिजिक्स आणि डोस, कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं आयोडीनचं औषध), आडव्या छेदातली शरीररचना आणि विकृती, प्रोटोकॉल सुधारणा, ऑडिट किंवा संशोधनाची पद्धत, आणि प्रत्यक्ष कामाचं लॉगबुक. शरीररचनेचं तुम्हाला अवघड जाणार नाही, रोज तेच बघता. खरा फरक डोस आणि कॉन्ट्रास्ट या दोन भागांत पडतो, म्हणून तिथे थोडं थांबतो.

डोसच्या असाइनमेंटमध्ये बहुधा तुमच्याच विभागाचा डेटा घ्यायला लावतात. एका तपासणीचे किमान २० प्रौढ रुग्ण, त्यांचा सीटीडीआयव्हॉल (यंत्राच्या आउटपुटचा आकडा) आणि डीएलपी, त्यांचा मध्यक, आणि तो राष्ट्रीय डीआरएलच्या खाली आहे की वर. डीआरएल म्हणजे बऱ्याच केंद्रांच्या आकड्यांमधली ७५वी शतमक पातळी. आयसीआरपीने (किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने) २०१७ साली १३५व्या प्रकाशनात ती कशी काढायची आणि कशी वापरायची हे सविस्तर मांडलंय. ती एखाद्या रुग्णासाठीची मर्यादा नाही, हे पहिल्याच तासाला सांगतात आणि शेवटच्या परीक्षेतही लोक तिथेच चुकतात. जाड रुग्णाचा एक स्कॅन डीआरएलच्या वर गेला म्हणून चूक झाली असं होत नाही. विभागाचा मध्यक सातत्याने वर राहिला तर मात्र शोध घ्यायचा.

शोध घ्यायचा कसा, याचं उदाहरण. समजा पोटाचा सीटीडीआयव्हॉल १० मिलीग्रे आहे, म्हणजे ठीकच. लांबी ४५ सेंटीमीटर धरली तर डीएलपी ४५० मिलीग्रे-सेंटीमीटर व्हायला हवा. तुमचा मध्यक ५५० येतो. यंत्राची सेटिंग्ज बरोबर आहेत, मग वरचे १०० आले कुठून? दहा सेंटीमीटर जादा लांबीतून: वर पाच, खाली पाच, "राहायला नको" म्हणून. डोस २२ टक्क्यांनी वाढला आणि रोगनिदानात भर काहीच पडली नाही. इथे केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज) बदलून उपयोग नाही. स्काउटवर रेषा कुठे ओढायची हे लिहून काढणं आणि रात्रपाळीतल्या सगळ्यांना दाखवणं, हा उपाय. दोन आकड्यांमधून दोष सेटिंगमध्ये आहे की माणसाच्या सवयीत, हे वेगळं काढता येणं म्हणजे सीटी प्रमुखाचं अर्धं काम.

त्याच भागात काही सापळे आहेत. सीटीडीआयव्हॉल हा रुग्णाला मिळालेला डोस नव्हे. तो ॲक्रिलिकच्या फँटममध्ये (रुग्णाऐवजी ठेवायच्या गोल ठोकळ्यात) मोजलेला यंत्राचा आउटपुट. फँटम १६ सेंटीमीटरचा धरलाय की ३२चा, यावर आकडा साधारण दुपटीने बदलतो. लहान मुलांच्या पोटाच्या स्कॅनमध्ये एका यंत्राने १६ आणि दुसऱ्याने ३२ वापरला असेल तर तुलना मुळातच फसते. आणि ३२च्या फँटमवर दाखवलेला आकडा सडपातळ माणसाला प्रत्यक्ष मिळालेल्या डोसपेक्षा कमी असतो. डीएलपीला ०.०१५ने गुणून पोटासाठी मिलीसीव्हर्ट काढतात, वरच्या उदाहरणात ४५० गुणिले ०.०१५ म्हणजे पावणेसात. हा आकडा तपासण्यांची आपसात तुलना करायला चांगला, पण समोरच्या रुग्णाला "तुम्हाला एवढा डोस मिळाला" असं सांगायला वापरू नये, कारण तो गुणक प्रमाणित शरीरासाठी काढलेला आहे.

कॉन्ट्रास्टकडे वळू. पल्मनरी अँजिओ फसण्याचा एक नेहमीचा प्रसंग घ्या. प्रोटोकॉलमध्ये सेकंदाला पाच मिलीलिटर. हाताच्या मागे कसाबसा बारीक, २२ गेजचा कॅन्युला लागलेला. इंजेक्टर सुरू झाला, प्रेशर मर्यादेला टेकलं आणि त्याने गुपचूप प्रवाह कमी केला. बोलस (एकदम दिलेला कॉन्ट्रास्ट) उशिरा आणि पातळ पोचला. स्कॅन सुरू करणारा ट्रिगर कसाबसा लागला, धमनी फिकी आली. रिपोर्टमध्ये "अपुरा ओपॅसिफिकेशन" (धमनी पुरेशी उजळली नाही) एवढंच येतं आणि रात्रीच्या गडबडीत इंजेक्टरवरचा प्रेशरचा आलेख कुणी उघडत नाही. दुसरा प्रसंग: कॅन्युला जाड, १८चा, प्रवाह व्यवस्थित, तरीही तेच चित्र. इथे बहुधा रुग्णाने "श्वास घ्या" ऐकून जोरात छातीभर श्वास घेतलेला असतो. त्या ओढीने आयव्हीसीतलं (शरीराच्या खालच्या भागातून येणाऱ्या मोठ्या शिरेतलं) कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त उजव्या हृदयात घुसतं आणि ऐन स्कॅनच्या वेळी बोलस मधोमध तुटतो. पहिल्या प्रसंगात कॅन्युला बदलायचा. दुसऱ्यात श्वासाची सूचना बदलायची: हलकाच श्वास, तोही टेबलावर घेण्याआधी एकदा सराव करून. चित्र सारखंच, कारणं निराळी. कारण न शोधता दोन्ही वेळा कॉन्ट्रास्ट २० मिलीलिटरने वाढवणारे विभाग कमी नाहीत.

कॉन्ट्रास्टच्या मॉड्यूलमध्ये आयोडीन डिलिव्हरी रेट शिकवतात, तो समजला की बरंच काही सुटतं. मिलीलिटरला ३०० मिलीग्रॅम आयोडीनचं औषध सेकंदाला चार मिलीलिटर दिलं तर सेकंदाला १.२ ग्रॅम आयोडीन जातं. तेच ३७०चं असेल तर जवळपास १.५ ग्रॅम. म्हणजे पुरवठादार बदलून औषधाची तीव्रता बदलली आणि प्रोटोकॉलमध्ये फक्त मिलीलिटर लिहिलेले असले तर सगळ्या अँजिओंचा दर्जा एका दिवसात हलतो. जास्त तीव्रतेचं औषध घट्टही असतं; ते ३७ अंशांपर्यंत गरम ठेवलं की पातळ होतं आणि प्रेशर उतरतं. केव्ही १२० वरून १००वर आणला की क्ष-किरणांची सरासरी ऊर्जा आयोडीनच्या ३३ केइव्हीच्या के-एजजवळ (जिथे आयोडीनचं किरण शोषणं एकदम वाढतं) सरकते आणि तेवढंच आयोडीन जास्त उजळ दिसतं. म्हणून सडपातळ रुग्णात केव्ही आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही एकदम उतरवता येतात. जाड रुग्णात तोच डाव अंगाशी येतो, कारण ट्यूबचा करंट कमाल मर्यादेला टेकतो आणि नॉइज हाताबाहेर जातो.

याच भागात सुरक्षितता येते आणि तिथे पाठांतराला पर्याय नाही. मूत्रपिंडाचा ईजीएफआर (रक्त गाळण्याचा वेग) ३०च्या खाली असेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट देण्याआधी काय विचारायचं, कुणाला कळवायचं. औषध शिरेबाहेर गेलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं. प्रौढाला ॲनाफायलॅक्सिस झाला तर एकास हजारचं ॲड्रिनलिन अर्धा मिलीलिटर, मांडीच्या बाहेरच्या मध्यभागी स्नायूत; ते तुमच्या विभागात कुठल्या कप्प्यात आहे आणि ते देण्याचा अधिकार कुणाला आहे. शेवटचे दोन प्रश्न कोर्स शिकवत नाही, ते आजच विचारून घ्या.

फिजिक्सच्या धास्तीबद्दल. तुम्हाला कलन शिकायचं नाहीये. लागतं ते वर्गमूळ, व्यस्त प्रमाण आणि घातांकाची जाण. फोटॉन चौपट केले की नॉइज निम्मा होतो. म्हणजे निम्मा नॉइज हवा तर चौपट डोस मोजावा लागतो. स्लाइस पाचवरून सव्वा मिलीमीटरवर आणली की प्रत्येक स्लाइसच्या वाट्याला पाव फोटॉन येतात आणि बाकी काही न बदलता नॉइज दुप्पट होतो. (वरच्या पाचव्या प्रश्नाचं उत्तर हेच.) ट्यूबचा आउटपुट साधारणपणे केव्हीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, तेव्हा १२० वरून १०० केला की एमएएस (करंट गुणिले वेळ) तोच राहिल्यास डोस जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो. पिच म्हणजे एका फेरीत टेबल किती सरकलं भागिले कॉलिमेशन (किरणांच्या झोताची रुंदी). एचयूची (चित्रातल्या घनतेची) मोजपट्टी तर तुम्ही रोज वापरता: पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास. एवढ्यावर सर्टिफिकेटमधलं बरंचसं गणित उभं आहे. कोर्सच्या आधी सहा आठवडे, रोज अर्धा तास आणि तोही पुस्तकापेक्षा कन्सोलवर: प्रत्येक पाळीत पाण्याच्या फँटमवर एकच सेटिंग बदला, मधल्या भागात आरओआय (मोजायचा गोल) ठेवा आणि स्टँडर्ड डेव्हिएशन वहीत लिहा. रुग्ण नसताना, परवानगी घेऊन, आणि बदललेली सेटिंग मूळ प्रोटोकॉलवर चुकूनही सेव्ह न करता. महिनाभरात आकडे बोलायला लागतात.

एआयबद्दल सहकाऱ्यांचं म्हणणं मला उलटं वाटतं. डीप लर्निंग रिकन्स्ट्रक्शनने नॉइजचा आकडा झकास उतरतो, चित्र गुळगुळीत दिसतं आणि मग कुणीतरी डोस आणखी खाली ढकलतो. गोम अशी आहे की आजूबाजूपेक्षा जेमतेम वेगळ्या दिसणाऱ्या बारीक गाठी, यकृतातल्या लहान मेटास्टेसिससारख्या, डोस फार उतरवला की हरवतात आणि नॉइजचा आकडा ते सांगत नाही. किडनी स्टोनला हाच डोस चालतो, कारण खडा आजूबाजूच्या पेशींपेक्षा कितीतरी दाट असतो. म्हणजे किती उतरवायचं हे तपासणीच्या प्रश्नावर ठरतं आणि तो प्रश्न यंत्राला तुम्ही सांगायचा असतो. फोटॉन काउंटिंग (एकेक फोटॉन मोजणाऱ्या) सीटीला अमेरिकेत २०२१मध्ये मान्यता मिळाली, तेव्हापासून कन्सोलवरचे निर्णय वाढलेच आहेत: कुठल्या केइव्हीची चित्रं पाठवायची, किती बारीक स्लाइस ठेवायची, कुठली मालिका साठवायची आणि कुठली टाकून द्यायची. कंपनीचं ट्रेनिंग जरूर घ्या, मेनू तेच उत्तम शिकवतात. पण ते त्या यंत्रापुरतं आणि त्या व्हर्जनपुरतं असतं. "आपल्याकडे हे फीचर वापरू नये" असं त्या ट्रेनिंगमध्ये तुम्हाला कुणी सांगणार नाही.

एमआरआय? तुमच्या पत्रात त्याचं एकच वाक्य आहे, आणि त्यात एमआरआयची ओढ कमी, सीटीच्या रात्रपाळ्यांचा कंटाळा जास्त दिसतो. तसं असेल तर पाळ्यांबद्दल वेगळं बोला. एमआरआयमध्ये छेदातली शरीररचना कामी येईल, बाकी फिजिक्स आणि सुरक्षितता शून्यापासून. ओढ खरी असेल तर जा, पण सीटी प्रमुखाची जागा समोर असताना हे दोन्ही एकदम करू नका.

आता जागेचं. नुसत्या सर्टिफिकेटवर ती मिळेल असं धरून चालू नका. सीटी प्रमुख दिवसभर काय करतो ते बघा: प्रोटोकॉलची यादी एका जागी नीट राखणं, सॉफ्टवेअर अपडेटनंतर काय बदललं ते तपासणं, रोजच्या क्यूएमध्ये (दर्जा तपासणीत) पाण्याचा एचयू शून्याच्या जवळ आहे ना आणि कडेला-मध्ये फरक पडत नाही ना हे बघणं, रिंग आर्टिफॅक्ट (चित्रातली खोटी वर्तुळं) दिसला की एअर कॅलिब्रेशन करून पुढे इंजिनिअरला बोलावणं, फिजिसिस्टबरोबर डोसचा आढावा, नव्या लोकांना तयार करणं, चुकीच्या रुग्णाचा स्कॅन झाला तर त्याची नोंद आणि चौकशी. मुलाखतीत यातलं तुम्ही काय केलंय हे विचारतील. कोर्सचा खरा उपयोग तिथे होतो, तोही असाइनमेंट तुमच्या विभागातल्या खऱ्या अडचणीवर केली असेल तरच. "मूतखड्याच्या स्कॅनची लांबी आम्ही अशी कमी केली, आधीचा मध्यक हा, नंतरचा हा" हे एक पान सर्टिफिकेटपेक्षा जड जातं.

कुठला मार्ग घ्यायचा यात गोंधळ होतो, कारण सगळ्यांनाच "सीटीचा कोर्स" म्हणतात. काही ठिकाणी ठरावीक शिक्षण, नोंदवलेल्या तपासण्या आणि एक परीक्षा असा प्रमाणपत्राचा रस्ता आहे, अमेरिकेतल्या एआरआरटी या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेसारखा. त्यात तुमचं ज्ञान तपासलं जातं, प्रकल्प करावा लागत नाही. ब्रिटिश पद्धतीत सर्टिफिकेट ६० क्रेडिटचं, डिप्लोमा १२०चा आणि मास्टर्स १८०चं असतं, आणि एक क्रेडिट म्हणजे सगळं धरून दहा तास. म्हणजे २० क्रेडिटचं एक मॉड्यूल २०० तासांचं. ते १२ ते १५ आठवड्यांत बसवलं तर आठवड्याला १३ ते १७ तास होतात. निम्म्या रात्रपाळ्या असलेल्या माणसाने एका वेळी दोन मॉड्यूल घेणं म्हणजे एक अर्धवट सोडणं. एकेक घ्या. क्रेडिट किती वर्षं टिकतात, मध्ये थांबलात तर काय, आणि पुढे मास्टर्सला ती धरली जातात का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा.

डोक्याच्या सीटीचं रिपोर्टिंग किंवा सीटी कोलोनोग्राफी (मोठ्या आतड्याचा सीटी) असं काही मनात असेल तर तो रस्ता अजून निराळा. ब्रिटनसारख्या काही देशांत रेडिओग्राफर पदव्युत्तर प्रशिक्षण घेऊन हे करतात, पण त्याला रेडिओलॉजिस्ट मेंटॉर, शेकडो केसेस आणि मालकाने लिहून दिलेली कामाची कक्षा लागते. तुमच्या विभागाची तयारी नसेल तर ते कौशल्य शिकून वापरायला मिळणार नाही. आधी विभागाला विचारा, मग अर्ज भरा.

विद्यापीठाचं माहितीपत्रक सगळीकडे छान असतं, त्यात वाचण्यासारखं कमी. फोन करा आणि हे विचारा: क्लिनिकल कौशल्यांवर सही कोण करणार, आणि त्याला काय पात्रता लागते? लॉगबुकमध्ये किती आणि कुठल्या तपासण्या हव्यात? कार्डिॲक सीटीच्या केसेस सक्तीच्या असतील आणि तुमच्याकडे ईसीजी गेटिंगच (हृदयाच्या ठोक्याशी जुळवलेला स्कॅन) होत नसेल तर दुसऱ्या रुग्णालयात पाठवायची सोय कोण करणार? फिजिक्स शिकवणारा माणूस प्रत्यक्ष सीटीबरोबर काम करणारा आहे का? नापास मॉड्यूल पुन्हा द्यायला किती संधी आणि किती पैसे? विभागाला विचारायचे प्रश्न वेगळे: आठवड्याला किंवा महिन्याला पगारी अभ्यासाचे किती तास, मेंटॉरचं नाव काय, फिजिसिस्ट वेळ देईल का, आणि प्रोटोकॉल बदलण्याचा प्रस्ताव मांडायचा हक्क तुम्हाला मिळेल का. हा शेवटचा मुद्दा नाकारला गेला तर कोर्स कितीही चांगला असला तरी तुमचं काम कागदावरच राहील. मग मी वर्षभर थांबा म्हणेन.

लोक कुठे अडकतात तेही सांगतो, कारण ते दर वर्षी तेच असतं. लॉगबुक शेवटच्या महिन्यावर ढकलतात आणि मग दुर्मीळ तपासण्या मिळत नाहीत; रोज पाळी संपताना दोन ओळी लिहा. ऑडिटचा विषय "आमच्या विभागातला सीटी डोस" असा पसरट घेतात. त्याऐवजी "मूतखड्यासाठीचा बिनकॉन्ट्रास्ट सीटी, प्रौढ, सहा आठवडे, वरची-खालची मर्यादा" एवढंच घ्या, वेळेत संपतं. सुधारणा करताना केव्ही, पिच आणि रिकन्स्ट्रक्शन एकदम बदलतात आणि मग फरक कशाने पडला ते सांगता येत नाही. डेटा वापरायची परवानगी शेवटी मागतात; ती पहिल्या आठवड्यात मागायची, कारण समितीच्या बैठका तुमच्या मुदतीसाठी थांबत नाहीत. असाइनमेंटमध्ये चित्र टाकताना कोपऱ्यातलं नाव काळ्या पट्टीने झाकतात, पण डायकॉम हेडरमध्ये (चित्राच्या फाइलमधल्या माहितीत) आणि डोस रिपोर्टच्या पानावर ते तसंच राहतं. स्लाइडवरची काळी पट्टी तर बाजूला सरकवताही येते. कन्सोलवरून ॲनॉनिमाइझ करूनच बाहेर काढा. आणि मेंटॉर एकच ठेवला की तो बदली होऊन जातो. दुसरं नाव पहिल्याच फॉर्मवर लिहून ठेवा.

तर माझा सल्ला असा. पूर्ण सर्टिफिकेटचा निर्णय आज घेऊ नका. डोस आणि प्रोटोकॉल सुधारणेचं एकच मॉड्यूल सुटं घेता येतं का पाहा. बऱ्याच ठिकाणी येतं आणि त्याची क्रेडिट पुढे धरली जातात. त्याची असाइनमेंट अशी निवडा की जागेची जाहिरात येईपर्यंत आधी-नंतरचे आकडे हातात असतील. दुसरं मॉड्यूल कॉन्ट्रास्टचं. तिसऱ्याचा विचार मुलाखतीनंतर करा, तेव्हा तुम्हाला शिकवण्याचं मॉड्यूल जास्त उपयोगी आहे की रिपोर्टिंगकडे जायचंय हे कळलेलं असेल.

अर्ध्या फीच्या कागदावर सही करण्याआधी एक कलम शोधा: कोर्सनंतर किती काळ त्याच विभागात राहणं बंधनकारक आहे, आणि आधी सोडल्यास किती रक्कम परत करायची. ती रक्कम महिन्यागणिक कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण भरावी लागते, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या. प्रमुखाची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली तर हे कलम तुमच्यावर कसं लागू होणार, हेही त्याच बैठकीत विचारा.